डावरा शेंगोळा

डोंबिवलीच्या मानपाड्याला थंडी ती अशी किती पडणार? पण मलंगगडाकडून वारा सुटला की पहाटे नळाचं पाणी हाताला चावायचं आणि आजी हुलग्याच्या पिठाचा डबा पुढे ओढायची. आम्ही चुलत भावंडं एका घरात वाढलो. आमच्यातल्या कुणालाही विचारा, थंडी म्हटलं की हुलग्याचे शेंगोळेच आठवतील.

गाव जुन्नर तालुक्यातलं, आजोबा मुंबईत गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आजोबाही नाही गेले. थोरल्या काकांना डोंबिवलीच्या एमआयडीसीत काम लागलं आणि लालबागची खोली सोडून सगळं बिऱ्हाड मानपाड्याला आलं. तेव्हा शीळ रस्त्याच्या अंगाला भातखाचरं होती. मानपाडेश्वराच्या देवळापर्यंत आम्ही बांधाबांधाने जायचो.

हुलगा गावाहून यायचा, पोत्यातून, एसटीच्या टपावर. ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करत कल्याणला. आजोबा डेपोत उतरवून घ्यायला जायचे. त्या वर्षांत डाळी परवडत नव्हत्या. हुलगा मात्र घरचा, हलक्या रानात थोड्या पाण्यावर येणारा. बैलांना चारतात तेच आपण खातो, म्हणून शाळेच्या डब्यात न्यायची आम्हाला लाज वाटे. घरी मात्र पातेलं पुसून खायचो.

पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, घट्ट मळायचं. लहानसा गोळा पोळपाटावर तळहाताने लांबवून करंगळीएवढी वळी करायची आणि टोकं जोडून कडं. लसणाच्या फोडणीत पाणी खळखळलं की एकेक सोडायचा. लगेच डाव घालायचा नाही, मोडतात. उरलेलं पीठ पाण्यात कालवून वरून ओतलं की रस्सा दाट होतो. भाकरी बाजरीची हवी असा घरचा दंडक. पण शेजारच्या आगरी मावशी तांदळाची पाठवायच्या आणि त्या दिवशी दंडक गुंडाळून ठेवला जायचा.

शेंगोळे वळायला सगळं घर बसायचं आणि पातेल्यात कुणाचा कुठला ते ओळखू यायचं. आजीचे बारीक, जोड शोधून सापडायचा नाही. थोरल्या काकींचे जाड, जोडावर चिमटा. आईला टोकं जोडायचा कंटाळा, तिचे नुसते आकडे. धाकट्या काकी चिपळूणकडच्या. त्यांच्याकडे हुलग्याची, म्हणजे कुळथाची, पिठी; हा वळण्याचा उद्योग नव्हता. त्यांचे चपटे व्हायचे आणि वर बोटांचे ठसे उमटायचे. जावा हसायच्या. आजी पातेल्याकडे बघत म्हणायची, “हसू नका गं, तिच्यात रस्सा चांगला मुरतो.” खरंच मुरायचा.

आमच्यात एक भाऊ डावरा. शाळेत त्याच्या डाव्या हातावर पट्टी बसायची, घरी जेवताना त्याच हातावर चापटी. त्याचं कडं आमच्या उलट्या बाजूने वळलेलं, टोक उलटीकडून चढलेलं. आजीने पोळपाट त्याच्याकडे सरकवला. “कर बाबा तुझ्या हाताने. शिजताना त्याला डावं-उजवं कळत नाही.” पुढे वाढतानाही ती जो तो ताटात आपापला शेंगोळा शोधतोय हे बघून डाव फिरवायची. कुणाला नुसता रस्सा प्यायला हवा, कुणाला कच्चं तेल आणि कांदा, कुणाला दुसऱ्या दिवशीचा शिळा, कुस्करून. सगळ्यांचं तिला पाठ होतं.

आजी फार उदार होती असं मात्र कुणी समजू नये. परीक्षेचे मार्क ती भावंडांसमोर मोठ्याने वाचायला लावायची आणि सुनांच्या माहेरावरून दिवसातून एकदा तरी टोमणा ठरलेला. पण हाताच्या बाबतीत तिने कुणाला दुसऱ्याच्या साच्यात बसवलं नाही. ज्याचा पातेल्यात मोडेल त्याने तो खायचा, एवढीच अट. आमच्या पिढीला कौतुक म्हणून जे मिळालं त्यातला मोठा वाटा या पोळपाटावरचा आहे, असं मला वाटतं.

आता खाचरांच्या जागी टॉवर आहेत. एका बहिणीने ठाण्याच्या मानपाड्यात, घोडबंदर रोडला घर घेतलं. नव्या पाहुण्याला डोंबिवलीचं की ठाण्याचं ते दोनदा सांगावं लागतं. पौषात कुणाच्या तरी घरी जमतो. आजी नाही, हुलगा वाण्याकडून पाकिटातून येतो. पिठाच्या गिरणीत तो पूर्वीही इतरांचं दळण झाल्यावरच घेत, ते अजून तसंच.

वेळ वाचावा म्हणून पुतणीने एका वर्षी पीठ सोऱ्यात भरलं. भराभर झालं, चवीलाही उणं नव्हतं. पण ताटात कुणी कुणाचा शोधेना. डावरा भाऊ तर मुकाट्याने जेवून उठला. तेव्हापासून आमच्याकडे सोऱ्या चकलीपुरता.