आग्रह

सोलापूरकडचं जेवण दातांच्या भरवशावर रांधलेलं असतं. ज्वारीची कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, वर बुक्कीनं फोडलेला कांदा. आत्यानं हे जन्मभर खाल्लं आणि त्याहून जास्त, दुसऱ्यांना खाऊ घातलं. तिच्या घरी ‘बास’ म्हणून काही उपयोग नसे. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला, की ती हाताखालून भाकरी सरकवायची.

तिच्या गालाच्या आतली जखम कॅन्सरची निघाली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मिश्री मात्र घरच्याच जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून करतात आणि दात घासायच्या निमित्तानं तासभर हिरड्यांना लावून बसतात. त्याला कुणी व्यसन म्हणतच नाही.

ऑपरेशन झालं आणि मग बार्शीला शेक. रेडिएशनला तिकडं शेकच म्हणतात. ऑपरेशननंतर बहुधा आठवड्याला 5 असे 6 आठवडे, मिळून 60 ग्रेच्या आसपास. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा घालून टेबलावर पडायचं. चटका बसत नाही, काही जाणवत नाही. सुरुवातीला आत्या दुधात कुस्करलेली भाकरी खात होती. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं.

शेवटचा शेक झाला तेव्हा घरी पुरणपोळी केली. पण तोंडाला शेक संपल्याचं कळत नाही. पुढं आठवडा-दोन आठवडे जखमा वाढतच राहतात. तिनं दुधात कालवलेलं पुरण जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, “माती लागतीया.” जिभेची चव परतायला महिने लागतात. लाळेचं तर त्याहून अवघड. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. लाळग्रंथी शेकात सापडल्या, की ती आधी चिकट होते, मग आटते. पुढं थोडी परतते, पण बहुतेकांची पहिल्याइतकी नाही. लाळेवाचून भाकरीचा तुकडा टाळूला जो चिकटतो, तो पाणी ओतल्याशिवाय हलत नाही.

मग सगळं घर तिच्यामागं लागलं. वजन उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. गुरगुट्या भात, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, तुपाचा पातळ शिरा, घोटलेलं अंडं. आणि प्रत्येक वाटीमागं एक माणूस: एवढाच घास, माझ्यासाठी, देवासाठी. आमच्याकडं माया बोलून दाखवत नाहीत, वाढून दाखवतात. तिची कला तिच्यावरच उलटली. एक वाटी संपायला तास लागे. समोर कुणी टक लावून बसलं, की घास घशातच अडायचा. एकदा तिनं कढणाची वाटी ढकलून दिली.

तोडगा वहिनीनं काढला. दर दोन तासांनी वाटी ठेवायची, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि आपण आपलं निवडणं-टिपणं घेऊन बसायचं. खाण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हिशेब विचारायचा तो सोमवारी वजनकाट्याला. मला हे कुठल्याही औषधाइतकं मोलाचं वाटतं. आग्रह सोडायचा पण काळजी सोडायची नाही, हे आमच्या घराण्यात कुणाला जमेल असं वाटलं नव्हतं.

जबडाही आखडला होता. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, तिची जेमतेम दीड. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. मिठा-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या. कंटाळली, की ती स्वतःची समजूत काढायची, “पवारसायबाचं बी तोंड उघडत न्हाई, तरी राजकारण केलंच की.” शरद पवारांची 2004 ची शस्त्रक्रिया आणि नंतरचे हाल त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेत, माढ्याच्या माजी खासदाराचा दाखला आमच्याकडं पुरतो. दाढ दुखली तेव्हा गावातल्या डॉक्टरला तिनं आधी शेकाचं सांगितलं, कारण शेक बसलेल्या जबड्यातला दात उपटला तर हाड भरून यायची खात्री नसते.

पुढच्या लग्नसराईत ती पंगतीला बसली. आमटी ओतून मऊ केलेला भात, उशाशी असावी तशी पाण्याची बाटली. वाढपी जिलबी घेऊन आला, “घ्या की मावशी, लग्नाची हाय” म्हणून हटूनच बसला.

“जिलबी ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली, “मठ्ठा आण. मिरची न्हाई ना त्यात? मग चांगला दोन गिलास आण.”