केशरचे दुखणे

माशांच्या मुलुखात एखाद्या शाकाहारी कुटुंबाने येऊन राहावे, आणि त्यातून घरात मासे बाळगावेत, याहून अधिक करमणूक कलकत्त्याच्या शेजाऱ्यांना दुसरी कोणती असणार! आमच्या घरी गेली तीन वर्षे मासे आहेत. मात्र ते काचेच्या टाकीत, आणि आम्ही त्यांना खात नाही, खाऊ घालतो. ‘मशाय, तुमचे सगळे उलटेच!’ असे समोरच्या बिऱ्हाडातले वृद्ध गृहस्थ पहिल्याच भेटीत म्हणाले होते. त्यांची सारी नोकरी मत्स्यखात्यात गेली. आम्ही घरात त्यांचा उल्लेख ‘मत्स्यबाबू’ असा करतो, आणि हे त्यांना ठाऊक नाही असे आम्ही समजतो.

हे मासे घेतले ते मुलीच्या हट्टाने. बागबाजारच्या बाजूला गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी सकाळी पाखरांचा, रोपांचा आणि माशांचा बाजार भरतो. याच भागात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. आपल्याच पूर्वजांच्या, म्हणजे बर्ग्यांच्या, धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी जो खंदक खणायला घेतला आणि पुढे अर्धाच सोडून दिला, त्याची ती आठवण. त्या खंदकाच्या जागेवरून एक मराठी माणूस पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून, धक्का लागेल या भीतीने चोरपावलांनी चालला आहे, हे दृश्य जर त्या खणणाऱ्यांना दिसते, तर त्यांनी फावडी केव्हाच खाली ठेवली असती.

पिशवीत दोन सोनमासे होते. एक भगवा, एक पिवळा. मुलीने त्यांची नावे केशर आणि हळद अशी ठेवली, आणि दोन वर्षांनी त्या दोघींना आमच्या गळ्यात टाकून ती शिकायला पुण्यास निघून गेली. त्याच पावसाळ्यात वडील गेले आणि आईला मी वाईहून इकडे घेऊन आलो. आई इथे रमली असे म्हणता यायचे नाही. इथले पाणी मानवत नाही, एवढीच तिची तक्रार असे. मी तिला दोन डॉक्टरांना दाखवले, तीन प्रकारची औषधे आणली आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात कचेरीला जात राहिलो. दुपारी ती टाकीपुढे खुर्ची घेऊन बसे आणि माशांशी काहीतरी बोले. काय बोले, ते आम्ही कधी विचारले नाही.

दिवाळीच्या आधी तिने घर झाडायला काढले. भांडी झाली, पडदे झाले, आणि मग तिची नजर टाकीकडे वळली. काचेवर हिरवट थर, खडीत गाळ, फिल्टरमधला स्पंज तर काळाकुट्ट. तिने मासे बादलीत काढले, खडी नळाखाली चोळचोळून धुतली, स्पंज पिळून पिळून पांढरा केला आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे पुन्हा आत सोडले. संध्याकाळी मी घरी आलो तो टाकी आरशासारखी लखलखत होती. ‘आई, आता खरी दिवाळी आली!’ असे मीच म्हणालो. हे वाक्य पुढे मला फार दिवस आठवत राहिले.

पाडव्याच्या सकाळी हळद पाण्याच्या पृष्ठाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसली. केशर तळाशी कोपऱ्यात बसून होती. पर अंगाशी मिटलेले, कल्ले भात्यासारखे चाललेले. पाण्यात राहून माशाचा जीव घाबरा व्हावा, हे पाहवत नाही. माझ्यासारखा सुशिक्षित मनुष्य अशा वेळी जे करतो तेच मी केले. रोगांची वर्णने वाचायला बसलो. तासाभरात माझ्या माशांना सात रोग झाल्याची माझी खात्री पटली, कारण प्रत्येक रोगात मासा ‘मलूल’ असतोच. मग बाजारातल्या एका विक्रेत्याने एक निळे औषध आणि एक पिवळी पूड दिली. निळे औषध बुरशीवर होते, जी आमच्या माशांना झालीच नव्हती. टाकीचे पाणी निळीच्या बादलीसारखे दिसू लागले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हळद त्यात उलटी तरंगत होती.

आयुष्यात कधी मासळीला बोट न लावलेल्या आईने ती हातात घेतली आणि खाली प्राजक्ताच्या बुंध्याशी पुरली. वर येऊन तिने आंघोळ केली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतर मी मत्स्यबाबूंचे दार ठोठावले. हे मी पहिल्याच दिवशी का केले नाही? शेजाऱ्याच्या ज्ञानापेक्षा विकत घेतलेल्या बाटलीवर आपला विश्वास अधिक, दुसरे काय! ते आले, चष्मा वर करून केशरकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “माशाला काय झालं ते मागाहून पाहू. पाण्याला काय झालंय?”

त्यांनी परीक्षानळीत टाकीचे थोडे पाणी घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकले. पाणी चांगले असते तर ते पिवळे राहिले असते. ते पिवळ्याचे पोपटी आणि पोपटीचे गडद हिरवे होत गेले. अमोनिया. मासा तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकीत असतो. नदी-तळ्यात तो पसरून जातो, पण चार काचांच्या आत तो माशाभोवतीच साठतो आणि कल्ले जाळतो. टाकीतले मासे मग जगतात कसे? तर काही सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जंतू राहतात खडीवर, काचेवर, आणि सर्वांत अधिक त्या काळ्या स्पंजात. नव्या टाकीत त्यांचा संसार बसायला महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना घटकेत मारतो. थोडेफार उरले असतील, त्यांचा समाचार माझ्या औषधांनी घेतला.

“स्पंज नळाखाली धुतला होता का?”

“हो.”

“कोणी?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझे खाते लेखापरीक्षेचे. जबाबदारी निश्चित करणे, तीही कागदोपत्री, नावानिशी, यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत.

“मी,” मी म्हणालो.

मत्स्यबाबूंनी मान हलवली. आपल्या टाकीतला एक जुना मळका स्पंज ते आणून देणार होते. तो आमच्या फिल्टरात ठेवला की त्यातून जंतूंची वस्ती पुन्हा पसरेल, असे ते त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत समजावू लागले. तोच आई पुढे येऊन म्हणाली, “म्हणजे विरजणच की!”

मी भाषांतर केले. म्हातारा खूश झाला. “दंबल! बरोबर, माशीमा, दंबल!” आई हसली नाही.

रात्री मी दिवा मालवायला गेलो तेव्हा ती टाकीपाशीच होती. “विरजण धुऊन टाकलं ते मी,” ती म्हणाली. “तू खोटं कशाला बोललास?”

“अगं, काळा स्पंज दिसला तर कोणीही धुतला असता.”

“कोणीही नाही. मी. चाळीस वर्षं घरातलं विरजण मोडू दिलं नाही. इथे येताना फडक्याला लावून, वाळवून आणलं. आणि ह्यांचं मात्र...” ती पुढे बोलली नाही. मलाही सुचले नाही.

दुसऱ्या दिवसापासून केशरची शुश्रूषा तिने आपल्याकडे घेतली. आदल्या रात्री बादल्यांत भरून ठेवलेले पाणी सकाळी टाकीत जाई, रोज एक तृतीयांश. त्यात हायपोचे चार खडे, क्लोरीन मारण्यासाठी. पूर्वी छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत वापरीत तोच हा हायपो. खाणे पूर्ण बंद. सोनमाशाला जठरच नसते आणि काही दिवसांच्या उपासाने त्याचे बिघडत नाही, हे मत्स्यबाबूंनी सांगितल्यावर आईने ‘लंघन’ एवढाच शब्द उच्चारून डबा कपाटात ठेवला. नळीतला रंग पाहण्याचे कामही तिचेच झाले, कारण हिरव्याच्या छटा मला ओळखता येत नाहीत, असे तिचे मत पडले. जुन्या डायरीत ती रोज लिही: ‘गडद’, ‘गडद’, ‘किंचित फिका’.

आठवड्याने हिरवा उतरला आणि दुसऱ्या नळीत जांभळा चढला. अमोनिया खाणारे जंतू आले होते, पण नायट्राइट खाणारे अजून आले नव्हते. हे नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून त्याला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करते. रक्त तपकिरी पडते, आणि हवेचे बुडबुडे चालू असूनही मासा गुदमरतो. त्यावर उपाय साधे मीठ. मिठातले क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते. शंभर लिटरांच्या टाकीला शंभर ग्रॅम खडे मीठ, विरघळवून, थोडे थोडे. आईने ते स्वयंपाकघरातल्या तराजूवर दोनदा तोलले.

त्या रात्री केशर कुशीवर पडली. मी समोर जाऊन विचारले, आता काय. मत्स्यबाबू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, लवंगेच्या तेलाने मासा गुंगतो, मात्रा वाढवली की पुन्हा उठत नाही. वेळ आली तर ते मी करीन, तुम्ही करू नका. पण सकाळपर्यंत थांबू. लवंगेचे तेल आमच्या घरात होते. आईच्या दाढेसाठी आणलेले, तिच्या उशाशी. मी घरी येऊन त्याविषयी काही बोललो नाही. तिने मला पाहून ती बाटली उचलली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली.

सकाळी केशर कुशीवरच होती, पण कल्ल्यांची धाप कमी झाली होती. दुपारी ती सरळ झाली. नंतर चार दिवसांनी तिच्या परांच्या कडा काळ्या पडू लागल्या, आणि आमचे धाबे पुन्हा दणाणले. मत्स्यबाबू मात्र ते पाहून प्रथमच खुर्चीवर टेकले आणि त्यांनी चहा मागितला. भाजलेली जागा भरून येऊ लागली की सोनमाशाच्या अंगावर असा काळा रंग धरतो. आम्ही ज्याला नवा रोग समजलो ती खपली होती.

पुढचे सांगण्यासारखे थोडे आहे. उकडलेल्या मटाराचा सोललेला दाणा तिने पहिल्यांदा खाल्ला, त्याची तारीख आईच्या डायरीत आहे. पौष लागता लागता दोन्ही नळ्या निवळल्या. मुलीचा दर रविवारी फोन येई, आणि ‘दोघी कशा आहेत?’ या प्रश्नाला मी महिनाभर बगल देत होतो. एका रविवारी आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि सर्व सांगितले, कोणाच्या हातून झाले तेही. मुलगी पलीकडे रडली असावी, कारण आई बराच वेळ नुसते ‘हो गं, हो’ म्हणत होती.

केशर आता किंचित एका अंगाला झुकून पोहते; शेपटीची एक पाकळी परत आली नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, तोही अर्धाच, पिळावा असा आईचा दंडक आहे. समोरच्या वहिनी आठवड्यातून एकदा वाटी घेऊन विरजणाला येतात.

माझी इथली तीन वर्षे संपत आली. बदलीचे ठिकाण कानावर आले तेव्हा आईने घर किती खोल्यांचे, बाजार किती लांब, असे काहीच विचारले नाही. “तिथलं पाणी कसं आहे?” एवढेच तिने विचारले. मी तिथल्या कचेरीला निवासस्थानासंबंधी पत्र पाठवले आहे, आणि शेवटी ताजा कलम म्हणून पाण्याची चौकशी केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.