सरकत्या पट्ट्यावरून विमान उडेल काय?

वाचकांपुढे एक कोडे ठेवतो. समजा, विमानतळाच्या धावपट्टीच्या जागी तेवढाच लांबरुंद सरकता पट्टा बसविला. कारखान्यात माल पुढे नेणारा पट्टा असतो तसाच, फक्त आकाराने प्रचंड. त्यावर विमान उभे केले. विमान जेवढ्या वेगाने पुढे जाईल, तेवढ्याच वेगाने पट्टा मागे सरकेल, अशी व्यवस्था केली. तर विमान उडेल, की जागच्या जागी चाके फिरवीत बसेल?

आमच्या वस्तीत दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. पालकही येऊन बसतात. तेथे आम्ही हा प्रश्न टाकला आणि हात वर करावयास सांगितले. बहुतेकांचे मत पडले, 'उडणार नाही.' कारखान्यात उमेद घालविलेले एक काका म्हणाले, "अहो, चालत्या पट्ट्यावर उलटे चालून बघा. घाम येईल, पण माणूस तिथल्या तिथेच!" सर्वांना ते पटले. एवढ्यात नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "उडेल. विमानाला चाके ढकलतच नाहीत." त्या दिवशी आलेले एक शिकले-सवरलेले पाहुणे हसले आणि म्हणाले, "आधी शिक, मग बोल. खाली बस." मुलगी खाली बसली. परंतु तिचा मुद्दा काही खाली बसला नव्हता.

काकांचे म्हणणे माणसाबद्दल खरेच आहे. माणूस पायाने जमिनीला मागे रेटतो, म्हणून पुढे जातो. मोटारीचे इंजिन चाके फिरविते आणि चाके रस्त्याला मागे रेटतात. पायाखालची जमीनच मागे पळू लागली तर माणूस आणि मोटार दोघेही अडतात. विमानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे इंजिन चाकांना जोडलेलेच नसते. पंखा असो की जेट, ते हवेला मागे लोटते आणि त्या जोरावर विमान पुढे जाते. चाके केवळ भार पेलण्यासाठी असतात. ती हातगाडीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, दिवसभर कारकुनी करणारे. म्हणून याचा जमाखर्चच मांडून पाहू. जमेच्या बाजूला इंजिनाचा रेटा. खर्चाच्या बाजूला हवेचा अडथळा आणि चाकांचे घर्षण. आता पट्टा मागे धावू लागला. इंजिन हवेला रेटते आहे, पट्ट्याला नव्हे; म्हणून जमेची रक्कम कमी झाली नाही. खर्चाच्या बाजूला चाके दुप्पट वेगाने फिरू लागली, एवढेच. विमान ताशी २५० किलोमीटरला उडणारे असेल तर चाके ५०० च्या वेगाने फिरतील. घर्षणाचा खर्च थोडा वाढेल, पण इंजिनाच्या रेट्यापुढे तो किरकोळ. शिल्लक उरतेच. त्या शिलकीवर विमान पुढे सरकते, पंखांवरून हवा वाहते आणि विमान उडते. खऱ्या मोठ्या विमानाचे टायर एवढा वेग सोसणार नाहीत, ही गोष्ट निराळी.

पुढच्या रविवारी त्या मुलीने घरून चादर, धाकट्या भावाची खेळण्यातली मोटार आणि सुतळी आणली. मोटार चादरीवर ठेवली, तिला पुढून सुतळी बांधली. एका मुलाला चादर मागे ओढावयास सांगितले आणि स्वतः चादरीच्या बाहेर उभी राहून सुतळी पुढे खेचली. चाके गरगर फिरली, पण मोटार पुढे आलीच. ती म्हणाली, "सुतळी म्हणजे हवेवरचा जोर." काकांनी स्वतः दोनदा खेचून पाहिले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर आहे." पाहुणे मात्र त्या दिवशी आले नव्हते.

चाकांना आपण उगीच मोठेपणा देतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंचे विमान प्रथम उडाले, तेव्हा त्याला चाके नव्हतीच. वाळूवर लाकडी रूळ टाकून, त्यावरून सरकणाऱ्या लहानशा गाड्यावर ते ठेवले होते. ते पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग सायकलइतकाच. पण समोरून ताशी ३० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा येत होता. पंखांना त्या वाऱ्याचा हिशेब कळतो, जमिनीचा नाही.

पट्ट्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. 'मिथबस्टर्स' या अमेरिकन दूरदर्शन मालिकेत २००८ साली एक हलके विमान लांबलचक ताडपत्रीवर उभे केले आणि ती ताडपत्री मोटारीने उलट दिशेला ओढली. विमान उडवणाऱ्या वैमानिकालाच वाटत होते की ते उडणार नाही. ते उडाले.

तरीही काही लोक हट्टाने म्हणतात, "पट्ट्याचा वेग विमानाएवढा नको, चाकांच्या फिरण्याएवढा ठेवा. मग?" येथे सावध राहिले पाहिजे. चाकांचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. चाकांचा आणि पट्ट्याचा वेग कायम सारखाच हवा म्हटले, की चाके न घसरता विमानाचा वेग शून्यच उरतो. म्हणजे 'विमान हलणार नाही' हे अटीतच लिहून ठेवले आणि वर पुन्हा विचारले, विमान हलेल काय? अशा अटी कागदोपत्री आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. उत्तर देण्याआधी प्रश्न कसा मांडला आहे, हे तपासावे.

कोणी म्हणेल, पोटापाण्याच्या धावपळीत हा विमानाचा खटाटोप कशाला? बंधू-भगिनींनो, प्रश्न विमानाचा नाहीच. हात वर करून मते मोजली असती तर ती मुलगी हरली होती. पदव्या मोजल्या असत्या तरी हरली होती. चादर आणि सुतळी मात्र कोणाचे मत विचारीत नाहीत, कोणाची पदवी पाहत नाहीत. आपल्या मुलांना महागडे क्लास परवडत नसतील, पण करून पाहण्याला पैसे पडत नाहीत. भीती आहे ती एवढीच, की चारचौघांत एकदा गप्प बसविलेले मूल पुढे शाळेत, मुलाखतीत, कचेरीत गप्पच बसते. बरोबर असूनही गप्प बसते.

म्हणून आयाबापांना एवढेच सांगणे आहे. घरात मूल सर्वांच्या उलट बोलले तर त्याला 'खाली बस' म्हणू नका. 'दाखव' म्हणा.