ओकांचा रस्ता

रत्नागिरीच्या माणसाला 'ओक' म्हटले की झाड आठवत नाही, आडनाव आठवते. त्यामुळे गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो असता तो म्हणाला, "दादा, शनिवारी ओक ट्री रोडला जाऊ," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एखाद्या सुखवस्तू ओकांचे घर, पुढे सारवलेले अंगण आणि ओटीवर झोपाळा असे चित्र उभे राहिले. प्रत्यक्षात तो एडिसन आणि इझलिन या गावांतून जाणारा मोटारींचा रस्ता निघाला. ओकाचे झाड काही मला दिसले नाही. दिसल्या त्या साड्या, सराफांच्या पेढ्या, पाणीपुरी, विड्याची पाने आणि मोटार उभी करायला जागा न मिळाल्याने आपापल्या मातृभाषेत चिडलेली माणसे!

हा बाजार एका दिवसात वसलेला नाही. १९६५ साली अमेरिकेने देशवार कोट्याचा जुना कायदा बदलला. मग आपले डॉक्टर गेले, इंजिनियर गेले, त्यांच्या मागून त्यांचे भाऊबंद गेले आणि पुढे संगणकवाल्यांची तर रीघच लागली. माणूस गेला की त्याच्या पाठोपाठ हिंगाची डबी जातेच. पण ही वाट सुखाची नव्हती. १९८७ साली जवळच्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची एक टोळी निघाली होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचे कुंकू. त्याच सुमारास झालेल्या मारहाणीत नवरोज मोदी नावाच्या तरुणाचा जीव गेला. आज इथल्या दुकानात गल्ल्याशेजारी टिकल्यांची पाकिटे टांगलेली असतात. भावजयीने सहज दोन उचलली. मी मात्र त्या पाकिटांकडे जरा वेळ पाहत राहिलो.

किराणा दुकानात शिरलो आणि आमच्या राम आळीत आल्यासारखेच वाटले. फक्त राम आळीला छप्पर घालून आत थंडी सोडलेली! भाजीवाली आपल्याकडे कौतुकाने वर टाकते तो कढीलिंब इथे इवल्या पिशवीत बसून किंमत मागत होता. शेवग्याच्या शेंगा बोटभर लांबीच्या कापून गोठवलेल्या. खवलेल्या नारळाची तर चक्क वीट! ज्याच्या घरी पहाटे विळीवर नारळ खवल्याच्या आवाजाने जाग येत असे, त्याने ती वीट हातात घेऊन काय म्हणावे? एका कोपऱ्यात आमसुले, मेतकूट आणि कुळथाचे पीठ अशी आपली मंडळी अंग चोरून बसली होती. मालक गुजराती, नोकर तेलुगू, शेजारचे गिऱ्हाईक पंजाबी. त्या सर्वांशी आमचे बंधुराज अस्खलित हिंदीत बोलत होते. शाळेत त्यांचे हिंदी ऐकून मास्तर कपाळाला हात लावत. राष्ट्रभाषा शिकायला परराष्ट्रात जावे लागते, हे मला नव्याने कळले.

नारळाच्या त्या विटेपाशी मला एकाएकी थिबा राजा आठवला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. १९१६ साली तो तिथेच वारला. आम्ही पाहुण्यांना त्याचा राजवाडा हौसेने दाखवतो. पण त्या तीस वर्षांत त्याच्या माणसांनी आमच्या बाजारात काय काय शोधले असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भात मिळाला असेल, मासळी तर मुबलक. पण आंबवलेल्या मासळीचे ते तोंडीलावणे, ज्यावाचून ब्रह्मी पान पुरे होत नाही, ते त्याला कुणी दिले असेल? त्याच्यासाठी तर राम आळीत असा कोपराही नव्हता.

बाहेर येतो तो दाराशी आंब्याच्या पेट्या! केशरची रास मोठी, हापूसच्या दोनच. आपला आंबा २००७ सालापर्यंत अमेरिकेत येऊ शकत नव्हता. कोयीतल्या किडीची त्यांना धास्ती. मग लासलगावी कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात किरणांचा मारा करून पहिल्या पेट्या रवाना झाल्या. कोकणच्या राजाला परदेशी जाण्यासाठी कांद्याच्या गावाहून परवाना घ्यावा लागला!

भावाने पेटीतला एक आंबा उचलला, देठाशी नाक नेले आणि डोळे मिटले. मी मान फिरवली. कारण माझ्या पिशवीत एक कागद होता. वडील २०२०च्या एप्रिलात गेले. विमाने बंद होती; भावाने सारे फोनच्या पडद्यावर पाहिले. पुढच्या वर्षी तौक्ते वादळाने बाग झोडपली. फवारणी, राखणीचे नेपाळी गडी, माझी कॉलेजची नोकरी, हा मेळ बसेना. गिऱ्हाईक आले होते. भावाची सही तेवढी हवी होती.

एवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, ट्रीवर पण असे बॉक्समध्येच असतात?"

आम्ही हसलो, पण भाऊ लगेच थांबला. पोर नऊ वर्षांची. दोनदा भारतात आली, दोन्ही वेळा नाताळात. तिकडची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते आणि आमचा आंबा मृगाआधी आटोपतो. झाडाला लागलेला आंबा तिने पाहिलाच नव्हता.

रात्री मी कागद पुढे ठेवला. त्याने वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "दादा, सही करीन. तुझे ओझे मला कळते. पण एक मे महिना दे. हिला एकदा झाडाखाली उभी करतो. या वर्षीच्या फवारणीचे आणि राखणीचे पैसे माझे."

"आणि शाळा?" भावजय म्हणाली.

वीस वर्षे मुलांची हजेरी घेणारा मी. तरी तोंडातून निघून गेले, "बुडवू दे!"

मेमध्ये ती यायची आहेत. विहिरीजवळचे कलम बुटके आहे; तिचा हात पोहोचेल. कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर सही होईल, कदाचित व्हायलाही हवी. पण सध्या मी रोज सकाळी पालवी पाहून येतो, आणि यंदा मोहोर भरपूर यावा असे फार दिवसांनी मनापासून वाटते.