दूध कुठे गेले?

विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या वर्गचर्चेत शिक्षक प्रश्न विचारत नाही आणि उत्तर बरोबर की चूक हेही सांगत नाही. प्रश्न विद्यार्थी आणतात, एकमेकांना विचारतात, आणि मतभेद झाला की पुस्तकाचे पान उघडून वाद घालतात. या रीतीला शालेय शिक्षणात ठाशीव रूप मिळाले ते अमेरिकेतील फिलिप्स एक्झिटर अकादमीत. एडवर्ड हार्कनेस या धनिकाने १९३० मध्ये त्या शाळेला मोठी देणगी दिली. मोजकी मुले आणि एक शिक्षक एकाच टेबलाभोवती बसून बोलतील, लाजरा मुलगाही बोलू लागेल, असे शिक्षण त्याला हवे होते. पुढे ते लंबगोल टेबल त्या शाळेची ओळखच बनले. टेबल नसले तरी काही अडत नाही. प्रश्न कोणाचा, हे मात्र ठरलेले असावे लागते.

अशा चर्चेसाठी जॉर्ज ऑरवेलची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही कादंबरी फार चांगली निवड ठरते. ऑरवेलचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतिहारीचा. ही कादंबरी त्याने नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात लिहिली. सोव्हिएत रशिया तेव्हा ब्रिटनचा युद्धातला दोस्त होता, त्यामुळे एकामागून एक प्रकाशकांनी ती नाकारली आणि अखेर ती ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहाच प्रकरणे, सरळ भाषा, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपापले वाचून येता येईल एवढा आवाका. शिवाय ही गोष्ट सुरूच होते एका सभेने. कोठारात जमलेले प्राणी, व्यासपीठावर बोलणारा म्हातारा डुक्कर, सर्वांत शेवटी येणारी मांजर, मतदान. सभेत कोण बोलते, कोण ऐकते आणि कोण झोपते याकडे लेखक पहिल्या पानापासून लक्ष वेधतो. चर्चेला बसलेल्या वर्गाला हे सारे ओळखीचे वाटते.

या कादंबरीच्या चर्चेला सर्वात मोठा धोका असतो तो किल्लीचा. नेपोलियन हा डुक्कर म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल हा दुसरा डुक्कर म्हणजे ट्रॉट्स्की, प्राण्यांनी हाकललेला शेतमालक जोन्स म्हणजे झार, कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस. ही यादी कोणत्याही गाईडात मिळते. ती पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिली की पुस्तक संपलेच म्हणायचे. त्यानंतर मुले गोष्ट वाचत नाहीत, जोड्या लावतात. बॉक्सर घोड्याला खाटकाची गाडी घेऊन जाते तेव्हा कोणाच्या पोटात कालवत नाही, कारण बॉक्सर म्हणजे ‘कामगार वर्ग’ हे उत्तर आधीच मिळालेले असते. रूपककथेत आधी गोष्ट खरी वाटावी लागते, मग तिच्यामागचा अर्थ लागतो. क्रम उलटला तर हाती फक्त तपशील राहतो. म्हणून यादी मागे ठेवणे ही शिक्षकाने करायची पहिली गोष्ट, आणि ती सोपी नाही, कारण जे ठाऊक आहे ते सांगून टाकावे असे प्रत्येक शिक्षकाला वाटते.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. तिसऱ्या प्रकरणात ऑरवेलने रविवारच्या सभांचे वर्णन केले आहे. त्यात तो एक बारीक नोंद करतो: इतर प्राण्यांना मत द्यायला जमते, पण स्वतःहून ठराव मांडणे त्यांना कधी सुचत नाही, ठराव नेहमी डुकरांकडून येतात. विद्यार्थ्यांच्या चर्चेचे मर्म याच वाक्यात आहे. शिक्षकाने काढलेल्या प्रश्नावर वर्गाने कितीही हिरिरीने हात वर केले, तरी ते मतदान झाले. ठराव शिक्षकाचाच राहिला. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने वाचताना अडलेली, खटकलेली किंवा पटत नसलेली एक जागा पान क्रमांकासह लिहून आणायची, आणि तासाच्या सुरुवातीला त्यांतून कोणता प्रश्न घ्यायचा हे वर्गानेच ठरवायचे. सुरुवातीचे प्रश्न परीक्षेतल्यासारखेच येतात: नेपोलियनचे स्वभावचित्र रेखाटा, कादंबरीचा संदेश सांगा. ते बाजूला पडायला वेळ लागतो. खरा प्रश्न ओळखण्याची खूण अशी की तो विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते.

असा एक प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गातून वर येतो, तो म्हणजे दुधाचा. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पाच बादल्या दूध निघते. जोन्स कधीकधी आमच्या खाण्यात थोडे दूध मिसळायचा, अशी आठवण एक कोंबडी काढते. नेपोलियन बादल्यांसमोर येऊन उभा राहतो, दुधाचे पुढे बघू, आधी कापणी महत्त्वाची असे सांगतो. प्राणी शेतावर जातात, संध्याकाळी परततात तर दूध नाही. ‘मग कोणी विचारले का नाही?’ हा साधा प्रश्न एखाद्या मुलीने टाकला की वर्ग जागा होतो. कोणी म्हणते, ते दमले होते. कोणी म्हणते, क्रांतीचा तो पहिलाच दिवस, आनंदात कोणाला सुचणार? मग कोणीतरी पुढचे प्रकरण काढून दाखवते, की दूध डुकरांच्या चाऱ्यात जात होते, झाडाखाली पडलेली सफरचंदेही त्यांनाच मिळणार होती, आणि या बाबतीत सगळ्या डुकरांचे एकमत होते. स्नोबॉलचेही. इथे चर्चा खऱ्या अर्थाने पेटते. स्नोबॉलला मनातून नायक करून बसलेली मुले गडबडतात. आणि डुकरांची बाजू मांडणाऱ्या स्क्वीलरचे भाषण पुन्हा वाचले जाते, या वेळी एकेक वाक्य तोडून: आम्हाला दूध आवडत नाही, पण विज्ञान सांगते म्हणून प्यावे लागते, ते तुमच्यासाठीच, आणि नाहीतर जोन्स परत येईल. त्यात पुरावा कुठे आहे, धमकी कुठे आहे, उपकाराची भाषा कुठे आहे हे मुले स्वतः शोधतात. पुढे ऑरवेलनेही एका पत्रात कथेचे वळण याच दूध-सफरचंदांच्या जागी असल्याचे सांगितले होते. ही माहिती शिक्षकाने चर्चा संपल्यावर द्यावी. आधी दिली तर ती फक्त एक नोंद असते, नंतर दिली तर वर्गाच्या स्वतःच्या वाचनाला मिळालेली दाद असते.

दुधाच्या शेजारी ठेवण्यासारखा दुसरा विषय म्हणजे वाचता येण्याचा. डुकरांना लिहिता-वाचता येते. म्यूरिएल शेळी वर्तमानपत्राचे तुकडे वाचते. क्लोव्हर घोडीला अक्षरे येतात पण शब्द जुळत नाहीत. बॉक्सर चार अक्षरांपुढे जात नाही. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकेच चांगले वाचता येते आणि तो वाचत नाही. वरवर पाहता ही फक्त विनोदी यादी वाटते. पण पलंगावर झोपायचे नाही या भिंतीवरच्या नियमाला रातोरात चादरीची अट जोडली जाते तेव्हा क्लोव्हरला म्यूरिएलकडे जावे लागते, स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. ही जागा लक्षात आली की ‘बेंजामिन दोषी आहे का?’ हा प्रश्न आपोआप येतो आणि त्यावर वर्गाचे हमखास दोन तट पडतात. एक तट त्याला शहाणा म्हणतो, कारण तो कोणाच्याही नादी लागत नाही. दुसरा तट बॉक्सरच्या गाडीवरची पाटी काढतो. ती पाटी बेंजामिन ओरडून वाचून दाखवतो, पण तोपर्यंत बॉक्सर गाडीत बंद झालेला असतो. हा वाद मिटवू नये. तो मिटत नाही हेच या पुस्तकाचे मोठेपण आहे.

इतिहास मग केव्हा सांगायचा? सर्व प्रकरणे वाचून झाल्यावर, आणि तोही मुलांच्या हाती संशोधनासाठी देऊन. १९१७ची क्रांती, ट्रॉट्स्कीची हद्दपारी, १९३०च्या दशकातले मॉस्कोचे खटले, १९४३ची तेहरान परिषद, असा एकेक विषय एकेका गटाने शोधून आणावा आणि तो गोष्टीतल्या प्रसंगाला कुठे जुळतो व कुठे जुळत नाही हे दोन्ही सांगावे. जुळत नाही ते जास्त मोलाचे. ऑरवेलच्या काटेकोरपणाचे एक उदाहरण वर्गात नेहमी परिणाम करते. आठव्या प्रकरणात पवनचक्की स्फोटाने उडते तेव्हा सगळे प्राणी जमिनीवर अंग झोकून देतात. मूळ मजकुरात त्यांत नेपोलियनही होता. मार्च १९४५ मध्ये पॅरिसहून ऑरवेलने प्रकाशकाला कळवून हा तपशील बदलला आणि नेपोलियनला तेवढे वगळले, कारण जर्मन फौजा चालून आल्या असताना स्टॅलिन मॉस्को सोडून गेला नव्हता. ज्याच्यावर पुस्तकभर प्रहार केला, त्याच्यावर एका शब्दानेही अन्याय होऊ नये ही लेखकाची निष्ठा. ‘मग हे पुस्तक एकतर्फी आहे का?’ यावर इथून पुढचा पूर्ण तास जातो.

आपल्याकडच्या साठ मुलांच्या वर्गात एकच वर्तुळ करता येत नाही. तिथे दोन वर्तुळे करावीत: आत दहा-बारा मुले बोलणारी, बाहेर उरलेली ऐकणारी. बाहेरच्या प्रत्येकाकडे काम असावे. एकाने कोणी पुस्तकातला आधार दिला ते टिपावे, दुसऱ्याने कोण कोणाला तोडून बोलले ते. तासाच्या मध्यावर वर्तुळे बदलावीत. शिक्षकाने वर्तुळाबाहेर बसून कागदावर बोलणाऱ्यांची नावे गोलात लिहावीत आणि बोलणे जसे एकाकडून दुसऱ्याकडे जाईल तशी रेघ ओढत जावी. वीस मिनिटांत त्या कागदावर वर्गाचा खरा नकाशा उमटतो: तीन नावांमध्ये रेघांचे जाळे, काही नावे कोरी, आणि बऱ्याच रेघा शिक्षक बसले आहेत त्या दिशेला वळलेल्या, कारण मुले बोलताना नजर त्यांच्याकडेच टाकतात. हा कागद वर्गाला दाखवावा, त्यावर टीका करू नये. ज्या वर्गाने नुकतेच रविवारच्या सभांचे वर्णन वाचले आहे, त्याला तो कागद वाचता येतो.

शिक्षकाला सर्वात अवघड जाते ते गप्प राहणे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांवर नेला तरी मुलांची उत्तरे लांब आणि विचारी होतात, हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले. मुलांनी चालवलेल्या चर्चेत शांतता त्याहून कितीतरी लांबते. ती भरून काढू नये. शिक्षकाने तोंड उघडायचे ते दोनच वेळी: मजकुराविषयी धादांत चूक वर्गभर मान्य होऊ लागली तर, आणि कोणाचा अपमान झाला तर. पहिल्या वेळीही उत्तर देऊ नये, फक्त पान सांगावे.

जोरात बोलणाऱ्यांचे काय? मेंढ्या एकच घोषणा देत राहतात आणि नेमक्या स्नोबॉलच्या भाषणातल्या मोक्याच्या जागी देतात, हे वर्गाने वाचलेले असते. तरीही ‘हो हो, बरोबर’ म्हणत सगळे एका हुशार मुलाच्या मागे जातात. यावर एक नियम पुरतो: आधीच्या बोलणाऱ्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय आपले मांडायचे नाही. त्याने वेग मंदावतो आणि मंद वेगात अबोल मुलांना शिरायला जागा मिळते. नुसती हजेरी लावण्यापुरते बोलणे मात्र कोणावर लादू नये. जे बोलत नाहीत त्यांच्यात क्लोव्हर असते. सातव्या प्रकरणात कबुलीजबाब आणि कत्तल झाल्यावर ती टेकडीवर उभी राहते. आपल्याला हे नको होते एवढे तिला कळते, पण सांगायला शब्द नाहीत. ते पान वर्गात मोठ्याने वाचावे आणि वाचून झाल्यावर काही वेळ कोणी बोलू नये. अशा दिवशी चर्चेपेक्षा वहीत लिहायला देणे बरे.

आजच्या राजकारणाची नावे चर्चेत येणारच. ती दडपली तर मुले पुस्तकाला जुने म्हणून बाजूला ठेवतील. मोकळी सोडली तर घरोघरच्या निष्ठा वर्गात भांडतील. मधला मार्ग असा की नावाऐवजी कृतीबद्दल बोलावे: नियम कोणी बदलला, बदल कळवला का, विरोधकाला काय म्हटले गेले. या कसोट्या सर्व पक्षांना सारख्या लागतात. मराठी वाचणाऱ्या वर्गाला यासोबत व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ जरूर द्यावी. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाच्या या छोट्या कादंबरीला १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माडगूळकरांची वानरे भाषणे करत नाहीत, भिंतीवर नियम लिहीत नाहीत. ती वानरेच राहतात. मग तिला रूपककथा म्हणायचे की नाही, आणि माणूस दिसतो तो लेखकाने घातलेला की वाचकाने पाहिलेला, हा प्रश्न दोन्ही पुस्तकांची उंची वाढवतो.

शेवटच्या तासाला शेवटच घ्यावा. कादंबरीत खिडकीबाहेरच्या प्राण्यांना डुक्कर आणि माणूस यांतला फरक दिसेनासा होतो आणि तिथे पुस्तक थांबते. १९५४ मध्ये हालास आणि बॅचलर यांनी केलेल्या चित्रपटात मात्र इतर प्राणी एकत्र येऊन डुकरांवर चाल करून जातात. त्या चित्रपटाला अमेरिकेच्या सीआयएचा गुप्त पैसा होता. दोन्ही शेवट समोर ठेवले की बहुतेक मुलांना आधी चित्रपटाचा आवडतो, आणि पैशाची हकीकत कळल्यावर पुन्हा विचार करावा लागतो.

गुण द्यायचेच तर बोलण्याच्या वेळेवर देऊ नयेत. मजकुराचा आधार, दुसऱ्याच्या मुद्द्याला दिलेले उत्तर आणि आणलेला प्रश्न यांवर द्यावेत. चर्चेनंतर प्रत्येकाने अर्धे पान लिहावे: आज कोणाच्या बोलण्याने आपले मत हलले, आणि पुस्तकातल्या कोणत्या पानावर. ज्याचे हलले नाही त्याने समोरच्याचा सर्वात बळकट मुद्दा लिहावा. ही अर्धी पाने पुढच्या तासाच्या आधी वर्गाला वाचायला ठेवली, तर पुढचे प्रश्न बहुधा त्यांतूनच निघतात.