नकाराचे माप

आमच्याकडे लग्न जुळविताना छत्तीस गुणांचा हिशेब मांडतात. पण ली-एनफील्ड रायफलीची नळी आणि तिचा बोल्ट यांची जोडी लावणारा कारागीर ज्योतिषीबुवांहून अधिक चिकित्सक असतो. एकीचा बोल्ट दुसरीत सहज सरकतो, मिटतो. म्हणून तो तिचा होत नाही. .३०३ काडतुसाच्या बुडाची कड नळीच्या मागील तोंडाशी टेकते. त्या कडेसाठी बोल्टपुढे राहणारी फट म्हणजे हेडस्पेस. ती फाजील असली, तर बार उडताच पितळी कवच ताणून बुडाशी फाटू शकते आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर उसळतो. म्हणून रिकाम्या रायफलीत, काडतुसाच्या जागी, पोलादी मापे ठेवून हलक्या हाताने पाहतात: ०.०६४ इंचावर बोल्ट मिटला पाहिजे, ०.०७४ वर मिटता कामा नये. मिटलाच, तर 'नंबर चार' रायफलीसाठी ० ते ३ क्रमांकांची, चढत्या लांबीची बोल्टशिरे असतात. त्यांतून योग्य ते निवडतात.

मला कौतुक वाटते ते दुसऱ्या मापाचे. माणसे पारखताना आपण बहुधा पहिल्या होकारावरच संतुष्ट होतो. हा कारागीर मात्र नकार मिळाल्याखेरीज उठत नाही. त्याच्या या हट्टापायी कोणा अनोळखी शिपायाचा डोळा शाबूत राहतो.