दारापाशची चटई

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. कुणाला गुरं राखायची असत, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड असे. या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली, धाकट्यांसाठी पाळणाघर काढलं.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत आपल्याला हीच रीत धरायची आहे, असं मला मनापासून वाटतं. मूल वर्गात टिकत नसेल, तर वर्गातलं काय त्याला टिकू देत नाही, ते आधी शोधायचं.

तलासरीकडच्या एका अंगणवाडीत मी हे पाहिलं. कुकरची शिट्टी झाली की एक मुलगा कान दाबून पळत सुटायचा. ताईंनी त्याची चटई दारापाशी टाकली. शिट्टीआधी त्या त्याला चुलीकडे बोट दाखवून सांगायच्या, "आता वाजेल हां." हातात मूठभर चिंचोके द्यायच्या. तो ते ओळीनं मांडत बसे. शेजारची मुलगी ती ओळ पुढे वाढवू लागली, तेव्हा त्यानं ती मोडली नाही. तो बोलला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. पण खेळ दोघांचा झाला होता.

मारिया माँटेसोरींनी आपल्या पद्धतीची सुरुवात रोममध्ये 'मतिमंद' म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर केली होती. सर्वसामान्य मुलांसाठीचं त्यांचं बालगृह त्यानंतरचं, १९०७ चं. ताराबाईंनी ती पद्धत इथे रुजवताना खडे, शंख, पानं, बिया हीच साधनं केली. बाजूला काढलेल्या मुलांनी सगळ्यांच्या शिक्षणाला केवढं दिलं आहे!

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. केंद्र सरकारच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे. पण त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, दाखल्यासाठी खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. तपासणी पाड्याजवळ यायला हवी.

बाकीचं मात्र आपल्या हातात आहे. लग्नात अशा मुलाला वाजंत्र्यांपासून लांब, मांडवाच्या कडेला बसवावं. प्रश्न विचारला की उत्तराला वेळ द्यावा. गाडीत कुणी कान झाकून डोलत असेल, तर टक लावून बघू नये.

"आमच्यामागे याचं कोण?" हा आईबापांचा प्रश्न खरा आहे. अंगणवाडीतला तो मुलगा उद्या तरुण होईल. चिकूच्या वाडीत त्याला झेपेल ते काम आणि त्या कामाचा पुरा दाम मिळाला, तर त्या प्रश्नाला गावानं उत्तर दिलं असं म्हणता येईल.